जर्मन कळतं, पण तोंडातून फुटत नाही : व्हिडिओचा उपयोग बोलण्यासाठी कोणी कसा केला?

पंचगंगा

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात जर्मन शिकवते. नऊ वर्षं झाली. पूर्वी वर्गात इंजिनिअरिंगची पोरं असायची, आता निम्म्याहून जास्त नर्स असतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून गडहिंग्लज, आजरा, इचलकरंजी, पार कणकवलीहून मुली चौकशीला येतात. तिकडे नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारणपणे बी२ (भाषेच्या सहा पायऱ्यांतली चौथी) पर्यंतचं जर्मन लागतं. मुली कष्टाळू आहेत. रात्रपाळी संपवून सकाळी आठच्या वर्गाला येतात, व्याकरण चोख करतात. पण बोलायची वेळ आली की घशात काहीतरी अडकतं.

गोएथे या जर्मन संस्थेच्या बी१ (बी२च्या आधीची पायरी) परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येकाला १०० गुण, पास व्हायला ६०. संभाषणाचे १५ एक मिनिटं असतात. आधी जोडीदाराबरोबर मिळून काहीतरी ठरवायचं, मग दिलेल्या विषयावर थोडं बोलायचं, मग एकमेकांना प्रश्न विचारायचे. माझ्या कित्येक मुली तीन भाग एका फटक्यात काढतात आणि या चौथ्यासाठी पुन्हा फी भरतात. नर्सच्या पगारात ती फी थोडी नाही. मला झोप लागत नाही या गोष्टीनं.

बरीच वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, “जर्मन व्हिडिओ बघा, मालिका बघा, आपोआप येईल.” त्यांनी बघितलं. कान तयार झाला हे खरं, श्रवणाचे गुण वाढले. बोलणं होतं तिथंच राहिलं. माझा सल्ला अर्धा होता, हे मला उशिरा कळलं.

कळलं ते असं. गडहिंग्लजची एक मुलगी एकच वाक्य घेऊन बसली होती: माखन झी बिट्टं डी ट्यूर त्सू. “कृपया दार लावून घ्या.” वॉर्डात दिवसातून दहा वेळा लागणारं वाक्य. ती म्हणायची “टीर झू”. आता ‘टीर’ म्हणजे जनावर. मी वर्गात पन्नास वेळा म्हणून दाखवलं, ती पन्नास वेळा ‘टीर’ म्हणाली. मग मी व्हिडिओतला तो तुकडा तिला आवाज बंद करून दाखवला. फक्त बाईचे ओठ बघ म्हटलं. तिसऱ्यांदा बघताना ती म्हणाली, “बाई, ही शिट्टी वाजवल्यासारखं करतीय.” बरोबर! जीभ ‘ई’ म्हणतानाची, ओठ मात्र ‘ऊ’चे. मोबाईलचा पुढचा कॅमेरा आरशासारखा धरून तिनं ‘ई’ लावून धरला आणि जीभ न हलवता ओठ गोल केले. ट्यूर! मी टाळी वाजवली, वर्गानंही वाजवली.

‘त्सू’ तर आपल्या घरचाच निघाला. इंग्रजीच्या सवयीनं मुलं जर्मन झेडला ‘झ’ म्हणतात. तो खरं तर आपला चुलीतला, चमच्यातला, चाकातला च. चहातला नव्हे. आणि जर्मन एस स्वराआधी आला की तो ‘झ’. एवढी अदलाबदल डोक्यात बसली की अर्धं बोलणं सुधारतं. मराठी माणसाला हे दोन्ही च जन्मतःच येतात. ही आपली मिळकत आहे, आणि ती पोरं दप्तरात ठेवून इंग्रजीच्या वाटेनं जर्मनला जातात.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. तासभर बघायचं नाही. ३० ते ४० सेकंदांचा तुकडा घ्यायचा. आधी अर्थ समजून घ्यायचा. मग वेग पाऊणपट करून, एकाच कानात इअरफोन घालून, बोलणाऱ्याच्या मागोमाग बोलायचं, अर्ध्या शब्दाच्या अंतरावर. दुसरा कान मोकळा, स्वतःचा आवाज ऐकायला. मग पूर्ण वेगात. मग व्हिडिओ बंद करून स्वतःचं चित्रण करायचं आणि मूळ तुकड्याशेजारी ठेवून बघायचं. एक तुकडा चार दिवस चालतो.

फरक पडतोय. पण मी एकटी चाचपडतेय. तुमच्यापैकी कोणी परदेशी भाषा अशी बोलायला शिकलं असेल, कुठलीही, तर सविस्तर लिहा. मला मुलींसाठी हवंय.

---

कात्रजचा_बोगदा

ताई, धागा वाचून लगेच लॉगिन केलं. माझी भाषा जपानी. पुण्यात शिकलो, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन३ पातळी काढली. जेएलपीटीमध्ये बोलण्याची परीक्षाच नसते. शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण, बस. त्यामुळे प्रमाणपत्र हातात आणि तोंड बंद, असे आम्ही वर्गात डझनभर होतो.

मी बोलणं उचललं अ‍ॅनिमेतून, म्हणजे जपानी कार्टूनमधून. त्याचं काय झालं ते सांगतो. पहिल्या मुलाखतीत मी स्वतःला ‘ओरे’ म्हटलं. अ‍ॅनिमेतला नायक तसंच म्हणतो ना! समोरचे गृहस्थ सभ्य होते, काही बोलले नाहीत, पण चेहरा बदलला. मुलाखतीत ‘वाताशी’ म्हणायचं असतं, ‘ओरे’ मित्रामित्रांत. आपल्याकडे मुलाखत घेणाऱ्याला कोणी ‘काय रे’ म्हणावं, साधारण तसं. तेव्हा काय बघतो याला फार महत्त्व आहे. ज्या जागी आपण बोलणार, त्या जागेचं बोलणं बघावं. ऑफिसात काम करायचं तर ऑफिसातल्या लोकांची मालिका, मुलाखती, बातम्या. अ‍ॅनिमे आवडतं म्हणून बघा, त्यातली वाक्यं साहेबांसमोर नकोत.

दुसरी गोष्ट पुस्तकात कधीच सापडली नाही, पडद्यावर सापडली: आइझुची. समोरचा बोलत असताना जपानी माणूस सारखा ‘हाइ’, ‘एए’, ‘सोऽ देस ने’, ‘नारुहोदो’ म्हणत राहतो. आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो तसं. मी गप्प बसून लक्षपूर्वक ऐकायचो आणि समोरच्याला वाटायचं याला काही कळत नाहीये. एक महिना मी मुलाखतींचे कार्यक्रम घेऊन फक्त हुंकार भरायचा सराव केला. माझं जपानी तेवढंच होतं, पण लोक माझ्याशी मोकळेपणानं बोलायला लागले.

---

ओसरी

पंचगंगा, तुमची कळकळ पोचली. पण मला पटत नाही ते स्पष्ट लिहिते. भाषा माणसाकडून शिकतात, पडद्याकडून नाही. पॅट्रिशिया कूल या शास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली-बोलली, काहींना तशाच माणसांचे व्हिडिओ दाखवले, काहींना नुसता आवाज. प्रत्यक्ष माणूस समोर होता त्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता आले, व्हिडिओवाल्यांना अजिबात नाही. बारा बैठका दोन्हीकडे सारख्याच. मुलींना मोबाईल देण्यापेक्षा जोड्या लावून एकमेकींशी बोलायला लावा.

---

पंचगंगा

ओसरी, जोड्या मी लावतेच. अडचण अशी की दोघीही ‘टीर’ म्हणतात. एकमेकींच्या चुका एकमेकींना पक्क्या होतात. कोल्हापुरात रोज बोलायला जर्मन माणूस कुठून आणू? पडदा माणसाच्या जागी नकोच, पण माणूस मिळेपर्यंत नमुना तरी हवा.

---

भाषेच्या_गावा

ओसरीताईंनी सांगितलेला प्रयोग खरा आहे, पण तो बाळांचा. बाळ व्हिडिओ थांबवून मागे नेत नाही, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकत नाही. पंचविशीतली नर्स ते करू शकते. मोठ्यांसाठी मला दुसरं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बरीच मुलं शाळेत बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकतात. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून त्यांचं ऐकणं-समजणं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचलं, बोलणं मात्र मागे राहिलं. मेरिल स्वेन या संशोधक बाईंनी १९८५ मध्ये त्यावरून मांडलं की नुसतं समजेल असं ऐकून पुरत नाही. बोलायला भाग पडलं, अडखळलं, की मग आपल्याला काय येत नाही ते लक्षात येतं. पंचगंगाताईंच्या वर्गात नेमकं हेच घडलं.

आता सबटायटलबद्दल, कारण तो प्रश्न येणारच. नेदरलँड्समधल्या निमेखेनला मिटेरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डच विद्यार्थ्यांना अनोळखी ढंगातलं इंग्रजी दाखवलं, एक ऑस्ट्रेलियन मालिका आणि एक स्कॉटिश चित्रपट. काहींना खाली इंग्रजीच अक्षरं, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर तो ढंग कोणाला किती समजतो ते तपासलं. इंग्रजी अक्षरं वाचणाऱ्यांना नवी वाक्यंही जास्त समजली. डच अक्षरं वाचणारे नव्या वाक्यांत काहीच न वाचणाऱ्यांपेक्षाही मागे पडले. म्हणजे ऐकायची भाषा आणि वाचायची भाषा एकच हवी.

आपल्या देशातही याच्या जवळचं काम झालंय. चित्रहारातल्या गाण्याखाली त्याच भाषेत ओळी दाखवायच्या, ही कल्पना अहमदाबादच्या ब्रिज कोठारींची. ते साक्षरतेसाठी होतं, पण ऐकलेला शब्द आणि दिसलेला शब्द यांची गाठ बसते, हे तत्त्व तेच.

---

पंचगंगा

फार मोलाचं लिहिलंत. मी याच्यासाठी एक साधी गोष्ट करते. ईझी जर्मन या वाहिनीवर रस्त्यावरच्या लोकांच्या मुलाखती असतात, वर जर्मन ओळ आणि खाली इंग्रजी. डोळा आपोआप इंग्रजीवर जातो. म्हणून मुलींना जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून दिली आहे, ती मोबाईलच्या खालच्या कडेवर चिमट्यानं लावायची. इंग्रजी ओळ झाकली की काम झालं.

---

जुनी_फीत

मी निवृत्त फ्रेंच शिक्षक, वय ७६. नातवानं हा धागा दाखवला, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही जे मोबाईलवर करता ते आम्ही चित्रपट्टी आणि टेपवर करत होतो. फ्रान्समध्ये सँ-क्लू इथं गुबेरिना आणि रिव्हांक या भाषातज्ज्ञांनी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला दृक्-श्राव्य पद्धतीचा अभ्यासक्रम आणला. भिंतीवर एक चित्र, टेपवर एक वाक्य. चित्र बदललं की पुढचं वाक्य. सुरुवातीचे कित्येक तास पुस्तक हातात द्यायचं नाही, हा नियम कडक होता. अक्षर दिसलं की विद्यार्थी अक्षर वाचतो, आवाज विसरतो. फ्रेंचमध्ये तर शेवटची अर्धी अक्षरं उच्चारायचीच नसतात!

त्या पद्धतीतलं एक मी शेवटपर्यंत सोडलं नाही. वाक्य शब्दशः म्हणायच्या आधी त्याची चाल म्हणायची. नुसतं ‘दा-दा-दाऽ-दा’. आवाज कुठं चढतो, कुठं उतरतो. गाण्याच्या क्लासात आधी सूर, मग शब्द. पंचगंगाबाई, मुलींना आठवडाभर हे करून बघायला सांगा. ध्वनी नंतर सुधारतात, चाल आधी बसली पाहिजे. चाल बरोबर असली तर चुकलेला ध्वनीही समोरच्याला कळतो.

आणि त्या पद्धतीत जे चुकलं तेही सांगतो. वाक्यं पाठ व्हायची, पण नवीन प्रसंग आला की मुलं गोंधळायची. पाठ झालेल्या वाक्यात स्वतःचा एक शब्द बदलायला लावा. “दार लावा” झालं की “खिडकी लावा”. तिथून पुढे बोलणं सुरू होतं.

---

पंचगंगा

सर, नमस्कार. चालीचं आजच वर्गात करून पाहिलं. पहिले पाच मिनिटं मुली लाजल्या, मग रंगल्या. तुमचं “एक शब्द बदला” मी पद्धतीत घालतेय. खिडकी म्हणजे डास फेन्स्टर, तिथं शब्दाचं लिंग बदलतं, ‘डी’ जाऊन ‘डास’ येतं, म्हणजे व्याकरणही बोलता बोलता होतं.

---

नेकरकाठची

मी स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. साताऱ्याची. इथं येऊन तीन वर्षं झाली. पंचगंगाताई, तुमच्या मुलींसाठी मनापासून लिहिते.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. ऐंशीच्या पुढच्या एक आजी म्हणाल्या, “मायन फूस टुट वे.” मी पाऊल तपासलं, बोटं तपासली, टाच दाबून पाहिली. आजी वैतागल्या. दुखत होती मांडी. श्वेबिश या इथल्या बोलीत ‘फूस’ म्हणजे कमरेपासून खाली सगळा पाय. पुस्तकात ‘फूस’ म्हणजे पाऊल आणि वरचं ते ‘बाइन’. नंतर मी विचार केला, अगं, आपणही ‘पाय दुखतो’ म्हणतो तेव्हा गुडघा काय, मांडी काय, सगळं पायच की! मराठीत विचार केला असता तर आजींना आधीच विचारलं असतं, “कुठं, वर की खाली?”

इथले म्हातारे ‘इस्ट’ला ‘इश’ म्हणतात, ‘इश हाबं’ला ‘इ हान’. बी२ला हे येत नाही. मी एसडब्ल्यूआर या इथल्या प्रादेशिक वाहिनीचे गावाकडचे कार्यक्रम बघायला लागले. शेतकरी, बेकरीवाले, म्हाताऱ्या बायका. पहिले पंधरा दिवस काही कळलं नाही. तुम्ही लिहिलंय तसाच छोटा तुकडा घ्यायचे, पण मागोमाग बोलायचे नाही, फक्त समजून घ्यायचे. बोली बोलायचा आपण आग्रह धरू नये. स्वच्छ प्रमाण जर्मन बोललं तर आजी-आजोबांना छान कळतं आणि आवडतं. समजायला मात्र बोली हवीच. मुली याच राज्यात येणार असतील तर बी१ नंतर लगेच हे सुरू करा.

आणखी एक. इथं परदेशी सिनेमे जर्मनमध्ये डब होतात. ते ऐकायला सोपे, उच्चार अगदी स्वच्छ. पण ओठ दुसऱ्याच भाषेचे असतात! तुमचा ओठ बघायचा प्रयोग डब केलेल्या मालिकेवर करू नका.

---

पंचगंगा

ताई, पायाची गोष्ट उद्या वर्गात वाचून दाखवते. डबिंगचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन मुली डब केलेली मालिकाच घेऊन बसल्या आहेत, त्यांना लगेच बदलायला सांगते.

---

इचलकरंजीची_लेक

मी ताईंच्याच वर्गातली. इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालीय, आयसीयूत काम करते. वेळ म्हणजे रात्री दोन ते तीन, पेशंट शांत असतील तर. तेव्हा आवाज करता येत नाही. म्हणून ओठ हलवत नुसतं कुजबुजते. सकाळी बसमध्ये परत ऐकते आणि घरी अंगणात मोठ्यानं बोलते. आईला वाटतं फोनवर कोणाशी तरी भांडतेय.

मी डॉइचे वेलेचा निकोस वेग हा मोफत अभ्यासक्रम घेतला, स्पेनहून आलेल्या निकोचा. त्यात ऐकलं की लोक ‘हा-बे-न’ म्हणतच नाहीत. ‘हाबम’ म्हणतात. ‘झिबन’चं ‘झिबम’. शेवटचा ‘एन’ ओठ मिटूनच जातो. मी पुस्तकातलं एकेक अक्षर सुटं सुटं म्हणायचे, म्हणून माझा वेग कधीच यायचा नाही. जर्मन भराभर बोलतात असं वाटायचं, ते खरं तर अक्षरं गिळतात. ‘हाबम’ म्हणायला लागले आणि वाक्य एका श्वासात बसायला लागलं.

आणि ‘माल’, ‘डोख’ हे शब्द. पुस्तकात त्यांचा अर्थ लिहिलेला वाचून काही कळत नव्हतं. व्हिडिओत एक बाई पोराला म्हणाली, “कोम माल हेअर.” तिचा चेहरा बघून कळलं, हे आपलं “ये ना जरा”. आणि ‘डोख’ म्हणजे आपलं ‘की’. “डास इस्ट डोख क्लार”, “ते उघडच आहे की!” आता हे शब्द घातले की बोलताना मला मी परकी वाटत नाही.

माझी अडचण सांगते. तुकडा चांगला म्हणते, पण परीक्षेसारखं समोर माणूस बसलं की सगळं जातं. त्याला काय करू?

---

ओसरी

लेकी, मी आधी जरा कडक लिहिलं होतं. तुझं वाचून एक सुचवते. मी निवृत्त आहे, मुंबईत असते, मॅक्सम्युलर भवनात शिकून पुढे बरीच वर्षं जर्मन कागदपत्रांचे अनुवाद केले. मला रोज संध्याकाळी अर्धा तास मोकळा असतो. तू तुझा तुकडा म्हणून दाखव, मग मी त्यातलंच काहीतरी बदलून प्रश्न विचारेन आणि तू उत्तर दे. व्हिडिओ कॉलवर, म्हणजे माझे ओठ तुला दिसतील. चुकलीस तरी मी मध्ये थांबवणार नाही, शेवटी सांगेन. पंचगंगा, तुमची हरकत नसेल तर आणखी दोघी-तिघी चालतील.

---

पंचगंगा

ओसरीताई, हरकत कसली! डोळ्यांत पाणी आलं. चार मुली आहेत, या वेळी संभाषणाचा भाग पुन्हा देणाऱ्या. त्यांच्या पाळ्यांचं वेळापत्रक घेऊन तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते.

---

नेकरकाठची

रविवारी मला सुट्टी असते. तुमच्या दुपारी चारच्या सुमाराला मीही येईन. मी पेशंट होते, मुली नर्स. दुखतं कुठं ते मी श्वेबिशमध्ये सांगेन.

---

इचलकरंजीची_लेक

ओसरीआजी, ताई, दोघींना नमस्कार. आज रात्रपाळी आहे, उद्या संध्याकाळी सहाला चालेल का? पहिला तुकडा तयार आहे. दार, खिडकी आणि कपाट, तिन्ही लावायला सांगता येतं.